पेरूवरचं पोळं, मधलं दार

लग्नकार्यात कुणी माझ्या नोकरीची चौकशी केली की बायको घाईघाईनं "ते एका कंपनीत होते" असं सांगते आणि विषय जिलबीकडे वळवते. तिचंही बरोबर आहे. ती कंपनी पेस्ट कंट्रोलची होती, आणि पंगतीत ढेकणांचं नाव काढू नये एवढं मलाही कळतं. कोल्हापूरहून बदली होऊन मी म्हैसूरला आलो तो सुपरवायझर म्हणून, आणि निवृत्त झालो तोही सुपरवायझर म्हणूनच. मधल्या काळात माझ्याहून कितीतरी धाकटी मुलं मॅनेजर होऊन बंगळूरला गेली. मी मागे राहिलो त्याला कारण गांधीलमाश्या.

झुरळ, वाळवी, उंदीर यांच्या बाबतीत माझा हात कधी थरथरला नाही. पण बागेतल्या गांधीलमाशीची तक्रार आली की बहुतेक वेळा माझं उत्तर एकच असे: काही करू नका, राहू द्या. उत्तर खरं होतं, फक्त ते विकता येत नव्हतं. साहेब म्हणत, "माने, तुम्ही कंपनीचा पगार घेता की गांधीलमाश्यांचा?"

आणि हे गाव पडलं बागांचं. दोन कुंड्या आणि एक तुळस असलेला माणूसही इथे "आमच्या गार्डनमध्ये" असं म्हणतो. दसऱ्याच्या सुमाराला घरोघरच्या बागांची स्पर्धा असते. तिच्या आधी महिनाभर म्हैसूरच्या माणसाला बागेत स्वतःखेरीज दुसरा जीव खपत नाही. आमचा फोन त्या दिवसांत खाली ठेवायला मिळत नसे.

फोन यायचा तो असा. "आमच्या बागेत एक भयंकर माशी आहे."

"केवढी आहे?"

"भयंकर."

"रंग कसा?"

"तो बघायला आम्ही थांबलो नाही."

मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचा. त्यात निळं आकाश असे, कुणाचा तरी अंगठा असे आणि मध्ये एक ठिपका. त्या ठिपक्यावरून मी तिचं कुळ आणि स्वभाव सांगावा अशी अपेक्षा. शेवटी मी माशीबद्दल विचारणं सोडून दिलं आणि तिच्या घराबद्दल विचारू लागलो. माणसं माशीला घाबरून पळतात, पण घर कसं आहे ते सगळ्यांनी नीट पाहिलेलं असतं.

घर मातीचं असेल, म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यात, स्विचबोर्डच्या मागे, नाहीतर स्कूटरच्या किल्लीच्या भोकात, तर ती कुंभारीण. ती एकटी राहते. चिखलाचे गोळे आणून गाडग्यासारखी खोली बांधते, आत अळ्या किंवा कोळी कोंबते, अंडं घालते, तोंड लिंपते आणि निघून जाते. तिला तुमच्यात काडीचाही रस नाही. मुठीत धरून दाबलीत तरच डंख मारेल.

घर राखाडी कागदाचं, छज्ज्याखाली देठावर लटकलेलं, खालून सगळी भोकं उघडी दिसणारी, असं असेल तर ती साधी गांधील. लाकडाचा भुसा लाळेत कालवून ती तो कागद करते. तुमच्या हाताच्या टप्प्यात नसेल तर तिला राहू द्यावं. कोबीवरच्या आणि वांग्यावरच्या अळ्या ती दिवसभर उचलून नेते आणि त्याचं बिल पाठवत नाही.

पण घर कागदाचं असून चारी बाजूंनी बंद असेल, भोपळ्याएवढं, वर शिंपल्यासारखे पट्टे आणि आत जायला एकच दार, तर ती मोठी गांधील. काळपट अंग, पोटावर केशरी-पिवळा पट्टा. मधमाशी एकदा डंख मारते आणि मरते. हिला तसलं बंधन नाही. ती पुन्हा पुन्हा मारते, आणि एकीनं मारला की त्या वासानं बाकीच्या धावून येतात. इथे मात्र मी थट्टा करत नसे.

गिऱ्हाइकांना एवढ्यानं समाधान होत नसे हा भाग वेगळा. रिंग रोडच्या पलीकडे नव्या वसाहतीत पुण्याहून आलेलं एक तरुण जोडपं होतं. त्यांना फुलपाखरांची बाग करायची होती.

"पण अळ्या नकोत," तो म्हणाला.

"अहो, फुलपाखरं अळ्यांचीच होतात."

"ते माहितीये सर. पण ती बाहेर कुठेतरी होऊन मग आमच्याकडे आली तर?"

त्यांना गांधीलमाश्याही नको होत्या, ज्या अळ्या खातात, आणि औषधही सेंद्रिय हवं होतं, ज्यानं सगळं मरेल. मी दोघांचा चहा पिऊन निघून आलो. त्यांनी कंपनीला माझ्याबद्दल एक तारा दिला.

दुसरे कुवेंपुनगरचे एक निवृत्त अधिकारी. छज्ज्याखालचं साध्या गांधीलींचं पोळं त्यांनी काठीला रॉकेलचा बोळा बांधून स्वतःच जाळलं. आम्ही पोचलो तेव्हा पोळं जळालं होतं, खिडकीचा पडदा जळाला होता आणि टीव्हीची वायर वितळून लोंबत होती. गांधीली शेजारच्या बाल्कनीच्या कठड्यावर बसून बघत होत्या. "ऑपरेशन यशस्वी झालं," ते अधिकारी म्हणाले. त्यांचा एक डोळा सुजून मिटला होता, त्यामुळे नुकसान त्यांना अर्धंच दिसत होतं.

असल्या गोष्टी सांगून मी निवृत्तीनंतर बरेच चहा मिळवले आहेत. पण ज्या कामाबद्दल मला लिहायचं आहे ते सरस्वतीपुरममधल्या दोन बहिणींचं आहे, आणि त्यात मला हसू जरा उशिरा आलं.

पहिला फोन धाकट्या बहिणीचा, विमलाबाईंचा आला. पावसाळा संपत आला होता. मी आणि आमचा फवारणीचा माणूस नागराजू, जो वयानं माझ्याच बरोबरीचा, असे दोघं गेलो. विमलाबाई फाटकाच्या बाहेर, भर रस्त्यावर, कोरड्या उन्हात छत्री उघडून उभ्या होत्या.

"मानेच ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. कन्नडमध्ये 'मने' म्हणजे घर, त्यामुळे माझं आडनाव इथे कुणी विसरत नाही. "मी इथूनच सांगते. ते पेरूचं झाड नोडी, बघा, ते. त्याच्याखालून माझी वाट आहे."

घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. वडील गेल्यावर पुढचा अर्धा भाग थोरलीला आला, मागचा धाकटीला. मागच्या घराला जायला कुंपणाच्या कडेनं एक अरुंद वाट होती आणि वाटेवर थोरलीच्या हिश्शातला पेरू वाकला होता. त्याच्या फांदीला, माणसाच्या डोक्याच्या जरा वर, भोपळ्याएवढं बंद पोळं होतं. नागराजूनं मान वर करून पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दोड्डदु, सार." मोठं आहे. त्यानं सांगायची गरज नव्हती. दारातून एक बाहेर, एक आत, अशी त्यांची ये-जा चालू होती आणि प्रत्येकीच्या पोटावरचा पट्टा खालून दिसत होता.

"मला एकदा साधी गांधील चावली होती," विमलाबाई म्हणाल्या. "ऑफिसची ट्रिप होती, बैलकुप्प्याला. तोंड सुजलं, घसा बंद झाला, श्वास येईना. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी आणखी वाईट होईल. तेव्हापासून पर्समध्ये गोळ्या घेऊन हिंडते." त्यांनी पर्स उघडून दाखवली.

इतके दिवस मी लोकांना 'राहू द्या' म्हणून विनवत आलो होतो. इथे मात्र विचार करण्यासारखं काही नव्हतं. ते पोळं बागेच्या टोकाला असतं तर मीच म्हटलं असतं, दुरून नमस्कार करा. पण ज्या बाईचा एका डंखानं श्वास बंद होतो तिच्या डोक्यावर ते टांगलेलं होतं.

"आज दिवेलागणीला काढून टाकू," मी म्हणालो.

तेवढ्यात पुढच्या घराची खिडकी उघडली. "कोण ते? माझ्या झाडाकडे काय बघताय?"

ह्या थोरल्या, सरोजाबाई. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान गेलेले, मुलं परदेशात. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचंच. मराठी बोलत, पण तीन शब्दांमागे चौथा कन्नड. मी त्यांना नमस्कार केला आणि काय काम आहे ते सांगितलं.

"बेड," त्या म्हणाल्या. नको. "अळ्या खातात त्या. यंदा माझ्या वांग्यावर एक अळी नाही. आणि तुम्हीच तर सांगितलं होतं की, त्या दिवशी बागवाल्यांच्या सभेत. राहू द्या, राहू द्या. मी पहिल्या रांगेत होते."

मी खरंच तसं भाषण केलं होतं. टाळ्याही मिळाल्या होत्या. जन्मभरात माझं म्हणणं मनापासून ऐकणारं एकमेव गिऱ्हाईक मला नेमकं त्या खिडकीत भेटावं, हे माझं नशीब.

"ते साध्या गांधीलींबद्दल होतं," मी म्हणालो. "ह्या मोठ्या आहेत. आणि खालून तुमच्या बहिणीची वाट आहे."

"तंगीला सांगा, दुसऱ्या वाटेनं जा म्हणावं."

तंगी, म्हणजे धाकटी बहीण, चार पावलांवर उभी होती आणि तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तरी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्काला विचारा, दुसरी वाट कुठे आहे म्हणून."

मी सरोजाबाईंकडे वळलो. "त्या विचारतात, दुसरी वाट कुठे आहे?"

"ते तिनं बघावं," असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

दोघींमध्ये कित्येक वर्षांत एक शब्द झालेला नव्हता. हे मला समोरच्या घरातल्या बाईंनी न विचारता सांगितलं. विमलाबाईंना घर विकून दोन फ्लॅट घ्यायचे होते, लिफ्टवाल्या इमारतीत. सरोजाबाईंना नको होतं. एक जण काहीतरी बोलली, दुसरी त्याहून वाईट बोलली आणि तिथून पुढे सगळं बंद. दोन्ही घरांच्या मध्ये वडिलांच्या काळचं एक दार होतं, त्याला सरोजाबाईंनी आपल्या बाजूनं लोखंडी कपाट लावून टाकलं. विमलाबाईंना त्या गांधीली आवडल्या असत्या, तर सरोजाबाईंनी त्याच दिवशी स्वतःच्या हातानं काढून टाकल्या असत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मालकाची परवानगी नसताना झाडाला हात लावायचा नाही, हा कंपनीचा नियम होता. नियम पाळण्यात आम्ही हयगय करत नसू, विशेषतः तो नडणारा असेल तेव्हा. मी विमलाबाईंना सांगितलं, खाली पडलेले पेरू उचलून टाका, अत्तर लावू नका, भडक हातवारे करू नका, शक्य तितकं घरातच राहा.

"म्हणजे मीच सुम्ने, गप्प बसायचं," त्या म्हणाल्या. "त्यांना कुणी काही सांगणार नाही."

'त्यांना' म्हणजे गांधीलींना की अक्काला, हे मी विचारलं नाही.

पुढे काय झालं ते दोघींनी मला वेगवेगळं सांगितलं. त्यावरून मी जे जुळवलं ते असं. एक दिवस दुपारी वारं सुटलं होतं. विमलाबाई भाजी घेऊन आल्या आणि फाटकातून आत शिरून वाटेवर निम्म्यापर्यंत पोचल्या. तेवढ्यात शेजारच्या नारळाची एक वाळकी झावळी तुटून थेट पेरूवर पडली. पोळ्याची एक बाजू फाटली. सगळ्या गांधीली बाहेर पडल्या.

विमलाबाईंचे गुडघे आधीच कामातून गेलेले. धावता येईना. त्यांनी छत्री उघडली, भिंतीला टेकून खाली बसल्या आणि डोळे मिटले. गोळ्यांची पर्स भाजीच्या पिशवीत, पिशवी वाटेवर पडलेली.

सरोजाबाईंनी खिडकीतून ते पाहिलं. पलंगावरचं जाड कांबळं ओढून त्या दार उघडून बाहेर धावल्या. कांबळं त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं नाही. बहिणीच्या अंगावर टाकलं, ती पूर्ण झाकली जाईल असं गुंडाळलं आणि तिला उभी करून, ढकलत, ओढत पुढच्या दारातून आत आणलं. तोवर त्यांच्या मानेवर, डोक्यात, दोन्ही हातांवर डंख बसले होते. विमलाबाईंना एकही बसला नाही.

मला फोन आला तो विमलाबाईंचा. आवाज ओळखू येईना. "माने, अक्काला चावल्या. पुष्कळ चावल्या."

"हॉस्पिटलात न्या. आत्ता."

"ती नको म्हणते. बर्फ लावते म्हणते."

"त्यांना सांगा, इतक्या डंखांचं विष मूत्रपिंडाला त्रास देतं. आत्ता बरं वाटलं तरी उद्या कळतं. रिक्षा बोलवा. मी येतो तिथे."

पुढे मी विमलाबाईंना विचारलं होतं, "त्या वेळी तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"काय म्हणणार? ऊठ म्हणाले."

"आणि त्या?"

"चप्पल कुठेय म्हणाली."

इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर दोघींना एवढंच बोलायचं होतं, तर आधी कुणी चप्पल लपवली असती तरी चाललं असतं.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सरोजाबाईंना आत नेलं होतं. विमलाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. कांबळं अजून त्यांच्या खांद्यावरच होतं. मी सांगितल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी काढलं नाही. मग म्हणाल्या, "मी तिला घर विकू म्हणाले ना, तेव्हा ती म्हणाली होती, तू मेलीस तरी मला कळणार नाही. असं म्हणाली होती." अशा वेळी काय बोलावं हे आमच्या प्रशिक्षणात नव्हतं.

डॉक्टरांनी सरोजाबाईंना ठेवून घेतलं, रक्त तपासलं, पुन्हा तपासलं. मूत्रपिंडं ठीक होती. ताप आला, हात पावासारखे फुगले, पण त्या घरी आल्या.

त्याच दिवशी मी आणि नागराजू गेलो. सरोजाबाई पुढच्या खोलीत पलंगावर होत्या. हात उशीवर ठेवलेले, चेहरा एका बाजूनं सुजलेला. तशाही चेहऱ्यानं त्या माझ्याकडे मी वर्गात उशिरा आल्यासारखं बघत होत्या.

"काढा ते," त्या म्हणाल्या. "पण आधी हे कपाट बाजूला करा."

"कपाट?"

"तिचं स्वयंपाकघर मागे आहे. मला पेज आणायची तर ती काय उडत येणार? पहाटेच्या काळोखात मागे गेली तेवढीच, आता वाटेवर त्या आहेत."

"बाई, कपाट हलवणं आमच्या कामात येत नाही."

"मग माझी बहीण मरता मरता राहिली ते तुमच्या कामात येतं की नाही?"

खरं म्हणजे त्या वेळी मी त्यांना आठवण करून देऊ शकलो असतो की परवानगी कुणी नाकारली होती. पण त्यांचे हात बघितले आणि नागराजूला खूण केली. आम्ही दोघांनी ते कपाट सरकवलं. कित्येक वर्षांत हललेलं नसल्यामुळे त्याचे पाय फरशीला चिकटले होते. मागे दाराची कडी गंजून बसली होती, तिला तेल सोडावं लागलं. दाराच्या चौकटीच्या प्रत्येक खोबणीत कुंभारणीची मातीची घरं होती, एकावर एक, जुनी, तोंडं फुटलेली. त्या दाराचा इतकी वर्षं एवढाच उपयोग झाला होता.

दार उघडलं तेव्हा पलीकडे विमलाबाई हातात भांडं घेऊन उभ्याच होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे, कारण पेजेवर साय धरली होती.

संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर आम्ही जाळीचे कपडे घालून पोळं काढलं. कसं काढलं ते सविस्तर सांगत नाही, नाहीतर कुणीतरी घरी करून बघेल. पोळ्याच्या दारातून भुकटी आत सोडतात आणि थांबतात. आत आधी मोठा घुमारा उठतो, मग तो बारीक होत जातो. ते थांबणं मला कधी सवयीचं झालं नाही. पावसाच्या आधी एका राणीनं एकटीनं सुपारीएवढं घर बांधायला घेतलेलं असतं. तिच्या लेकींनी लाकूड कुरतडून कुरतडून त्याचा भोपळा केलेला असतो. झावळी त्यांनी पाडली नव्हती. घरावर काही पडलं की आपण जे करू तेच त्यांनी केलं होतं. पत्ता तेवढा चुकला होता. कंपनीत हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सांगतो.

आत गेलो तेव्हा सरोजाबाई जाग्याच होत्या.

"झालं?"

"झालं."

"राणी पण?"

"ती पण."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळानं विमलाबाई सगळ्यांना कॉफी घेऊन आल्या. सरोजाबाईंना त्यांनी पेला ओठाशी धरून पाजली.

"साखर जास्त झाली," सरोजाबाई म्हणाल्या.

"तुझी जीभ सुजलीय," विमलाबाई म्हणाल्या.

बोलणं सुरू झालं होतं, म्हणजे भांडण सुरू झालं होतं. पुढे समोरच्या बाईंनी माझ्याकडे तक्रारही केली, की आधी ह्या घरातून कसा आवाज म्हणून नव्हता.

निघताना मी दोघींना सांगितलं, पोळं काढलं तरी दिवसभर बाहेर गेलेल्या काही गांधीली परत येतात, घर सापडत नाही म्हणून त्याच जागी घोंगावत राहतात. चार-सहा दिवस ती वाट वापरू नका. हे अगदी खरं आहे आणि आम्ही सगळ्यांनाच सांगतो.

आठवडाभरानं विमलाबाईंचा फोन आला. "जरा बघून जा. मला वाटतं अजून आहेत." मी गेलो. खरंच दोन-तीन भिरभिरत होत्या. आणखी थोडे दिवस थांबा म्हणालो. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन.

"दिसल्या का?" मी विचारलं.

"दिसल्या नाहीत. पण वाटतं."

तेव्हा मी जाऊन पाहिलं तर काही नव्हतं. तसं मी सांगणार, एवढ्यात सरोजाबाई आतून म्हणाल्या, "घाई कशाला? पुरती खात्री झाल्याशिवाय कपाट परत जागेवर लावायचं नाही. एकदा लावलं की कोण हलवणार?" मी म्हटलं, बरं, पुन्हा येतो.

शेवटचा गेलो तेव्हा थंडी पडायला लागली होती. सरोजाबाईंच्या हातांवर आता फक्त काळे ठिपके राहिले होते. बागेत वांग्यांवर अळ्या पडल्या होत्या आणि त्याचा दोष त्यांनी मला आधीच देऊन झाला होता. विमलाबाई नुकत्याच बाजारातून आल्या होत्या, पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या. वाट स्वच्छ झाडलेली होती. पेरूची ती फांदी रिकामी होती, तिच्यावर एक बुलबुल बसून पेरू टोचत होता. गांधील औषधालाही नव्हती.

सरोजाबाई खिडकीत आल्या. "काय माने, आहेत का अजून?"

विमलाबाईही माझ्याकडेच बघत होत्या.

आमच्या कंपनीत नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक वाक्य शिकवत: काहीच सापडलं नाही तरी झाडाकडे गंभीरपणे बघायचं आणि म्हणायचं, 'थोड्या राहिल्यात, आणखी एकदा यावं लागेल.' त्या वाक्यावर कंपनी चालत असे. मला ते कधी तोंडातून काढता आलं नाही, आणि माझं जे काही झालं नाही ते त्यामुळेच झालं नाही.

मी मान वर करून झाडाकडे बराच वेळ गंभीरपणे बघितलं. बुलबुलानं माझ्याकडे बघितलं आणि तो उडून गेला.

"एकदोन आहेत," मी म्हणालो. "ही वाट नकोच. सांगता येत नाही, कधी जातील ते."

"मी म्हणत नव्हते?" सरोजाबाई खिडकीतून बहिणीला म्हणाल्या. "तुला सगळ्याची घाई."

"मी कुठे घाई केली?" विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पुढच्या दाराच्या पायऱ्या चढू लागल्या.